चौदा नंबरचा सांगाडा

सोमवारी सकाळी चौदा नंबरच्या खोक्याची गाठ माझी नव्हती. सूत तेच होतं, मळकट, दुहेरी. पण मी गाठ मारते ती उजवीकडून दोनदा फिरवून, शेपूट आत खोचून; आणि ही होती बुटाच्या नाडीला मारतात तशी, ओढली की सुटणारी. मला खरं तर शेजारचं अकरा नंबरचं, म्हणजे डुकराचं खोकं हवं होतं. हात पुढे गेला आणि तसाच राहिला. तीस वर्षं एकाच खोलीत काम केलेल्या बाईला एवढं पुरतं. आपण बाहेर गेलेलो असताना घरात कुणी येऊन गेलं, की काही हललेलं नसूनही कळतं ना, तसं. मी दार आतून लावलं, खोकं टेबलावर घेतलं आणि एकेक हाड काढून मांडलं. मोजली. सगळी होती. मग भिंगाखाली धरत गेले, आणि पुढच्या पायाच्या नळीवर, आतल्या बाजूला, मोहरी बसेल एवढं भोक सापडलं. ताजं. आजूबाजूचं हाड चहाच्या रंगाचं आणि भोकाची कड पांढरीशुभ्र. माझ्या माघारी कुणीतरी चौदा नंबरला टोचून गेलं होतं.

चौदा नंबर म्हणजे शेळी. पंधरा नंबर म्हणजे मेंढी. आमचं काम कुणाला सांगायचं झालं तर मी एवढंच सांगते, की जुन्या वस्त्या खणतात त्यात जनावरांची हाडं निघतात; फुटलेली, भाजलेली, कुत्र्यांनी चघळलेली. ती पिशव्यांतून आमच्याकडे येतात आणि कुठलं हाड कुणाचं ते आम्ही ओळखतो. ओळखायचं कसं, तर आपल्याजवळ माहितीतल्या जनावरांचे सांगाडे असतात, त्यांच्या शेजारी ठेवून. बैल आणि डुक्कर पोरंसुद्धा ओळखतील. खरी परीक्षा शेळी आणि मेंढीची. हिरव्या माळावर उभी केली तर लांबून कळतात, पण कातडं आणि मुंडी गेली की दोघी सख्ख्या जुळ्या. कुठे सांध्याची एखादी कड जरा जास्त बसकी, कुठे एक खळगा जरा खोल. मी तीस वर्षं या कडांवरून अंगठा फिरवला आहे. अंगठ्याची कातडी तिथे गुळगुळीत झाली आहे. आणि त्या अंगठ्याला शिकवलं ते चौदा नंबरने आणि पंधरा नंबरने.

खोलीची किल्ली दोघींकडेच. एक माझ्याकडे, एक मुंगीकडे. मुंगी म्हणजे माझी सहायक. पस्तीस-छत्तीसची, बारकी, कायम काहीतरी इकडून तिकडे नेत असलेली. नाव मीच ठेवलं, तिच्या पाठीमागे. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा ती हसली होती, आणि त्या हसण्यावरही माझा विश्वास बसला नव्हता. ती दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हाताखाली शिकलेली. तीन महिन्यांनी मी निवृत्त होणार, माझ्या खुर्चीत ती बसणार, आणि तिला कायम करावं की नाही याचा गोपनीय अहवाल मी द्यायचा, अशी मांडणी होती. वर्षापूर्वी, नवी होती तेव्हा, ती चौदा नंबरचा घोटा हातात घेऊन माझ्याकडे आली होती. "बाई, हा मला पुस्तकातल्या मेंढीसारखा वाटतो." मी म्हटलं, "पुस्तकातली मेंढी पुस्तकात चरते. आपली आपल्या माळावर." हे वाक्य माझ्या गुरूंचं, सरांचं. सर असं म्हणाले की वर्ग हसायचा, मीही हसायचे. बाहेरदेशी काढलेल्या आकृत्यांतली जनावरं आणि आपली जनावरं यांच्यात फरक असणारच, असा त्याचा अर्थ. मुंगी हसली नाही. "बरं," म्हणाली आणि घोटा जागेवर ठेवून आली.

त्या सोमवारी ती साडेदहाला आली. मी तोवर सगळं आवरून, माझी गाठ मारून बसले होते.

"चौदा नंबर कुणी काढला होता?"

ती कुंचल्याने एका जबड्याची माती झाडत होती. कुंचला थांबला नाही. "नाही माहीत, बाई."

"बरं," मी म्हटलं.

खोटं बोलणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे सगळे बघतात. मी हात बघते. तिने तो जबडा त्या दिवशी चार वेळा झाडला. त्यात माती उरलीच नव्हती.

मग आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. म्हणजे हाडं समोर होती, मापायचा कॅलिपर हातात होता, वहीत आकडे उतरत होते, पण डोळे तिच्या पाठीवर. ती फोनवर हळू बोलायची ते आधीही बोलत असेल. मला आत्ता ऐकू यायला लागलं. ती माझ्या आधी टपाल बघायला जायची. एकदा मी खोलीत शिरले तेव्हा तिने वही मिटली. मनात एकदा पाल चुकचुकली की ती भिंतीवरून उतरून ताटापर्यंत येते. ती संग्रह बाहेर पाठवते आहे. ती माझे नमुने खराब करते आहे, म्हणजे मी गेल्यावर सांगायला मोकळी, की बाईंच्या वेळेपासूनच असं आहे. तिला सरांचं पुस्तक पाडायचं आहे. हा तिसरा विचार आला तेव्हा मला जवळजवळ आनंद झाला, इतका तो नीट बसत होता. सरांचं पुस्तक म्हणजे नदीकाठच्या त्या मोठ्या वस्तीवरचं. ते लोक शेळ्या पाळत, मेंढ्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणजे लोकर नव्हती, म्हणजे तिथे सापडलेली मातीची वजनं विणकामाच्या मागाची नसून मासेमारीच्या जाळ्यांची, असं सगळं त्यात एकावर एक रचलेलं. त्याच्या तळाशी चार हजारांवर हाडं होती आणि त्यातली निम्मी मी ओळखलेली. माझा प्रबंधही त्याच वस्तीवरचा.

घरी मी यांना सांगितलं. हे भाजी चिरत होते. निवृत्त झाल्यापासून चिरण्याचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं आहे, सगळं सारख्या मापाचं चिरतात.

"अगं, विचारून टाक ना सरळ."

"विचारलं. खोटं बोलली."

"मग परत विचार. दुसऱ्यांदा खोटं बोलायचा माणसाला कंटाळा येतो."

"तुम्हाला सगळं सोपंच वाटतं, अहो."

"मला नाही वाटत. तुला अवघड वाटायला आवडतं," हे म्हणाले आणि गाजराकडे वळले.

मी परत विचारलं नाही. परत विचारलं आणि ती खरं बोलली तर माझा आठवडा वाया गेला असता. गुरुवारी मी गोपनीय अहवाल लिहिला. कामात चोख, वेळेवर येते, वगैरे. आणि शेवटी एक वाक्य: संग्रहातील मूळ नमुन्यांशी परवानगीशिवाय छेडछाड केल्याचे आढळले असून विचारणा केली असता खोटे उत्तर दिले. एक शब्दही खोटा नव्हता. लिहिताना बरं वाटलं, हे आता लपवून काय करू. पाकीट बंद करून संचालकांच्या कचेरीत देऊन आले. परतताना जिन्यात मुंगी भेटली, तिने माझ्या हातातली जड पिशवी घेतली आणि वर आणून दिली.

पुढच्या मंगळवारी आणखी एक पाकीट आलं. नाव मुंगीचं, पण ठेवलं माझ्या टेबलावर. ठेवण्याची चूक शिपायाची, फोडण्याची माझी. आत एक कागद होता, कुठल्यातरी मोठ्या प्रयोगशाळेचा. हाडातलं प्रथिन तपासून जनावर कुठलं ते हल्ली सांगता येतं, चिमूटभर भुगा पुरतो, हे मी वाचून होते. दोन ओळी. नमुना चौदा: मेंढी. नमुना पंधरा: शेळी.

पहिला विचार काय आला ते सांगते, म्हणजे माणूस कुठल्या मातीचं असतं ते कळेल. हिने हाडं बदलली. चौदाची पंधरात, पंधराची चौदात, आणि मग भुगा पाठवला. ती कालव्याकाठच्या नव्या जागेची हाडं धुवायला तळमजल्यावर गेली होती. मी दोन्ही खोकी उतरवली आणि प्रत्येक हाडावरचा आकडा बघत गेले. पंधराच्या नळीवरही तसंच मोहरीएवढं भोक होतं. प्रत्येक हाडावर, दोन्हीकडे, बारीक लेखणीने काळ्या शाईत आकडा घातलेला होता आणि वर व्हार्निशचा थर, आता मधासारखा पिवळा पडलेला. थराला चीर नाही, खरवड नाही. एकतीस वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नव्हता. आणि अक्षर माझं होतं. माझ्या चारला तेव्हा एक गाठ पडायची, ती मी पुढे मोडून काढली. शिवाय पंधरा-वीस हाडांवर तो चारचा आकडा हललेला होता. लिहिणारीचा हात थरथरत होता.

तो का थरथरत होता ते मला माहीत होतं. इमारतीच्या मागे, भिंतीला लागून, दोन पिंपं विस्तवावर होती. सरांनी खाटकाकडून दोन जनावरं आणली होती, बिनमुंडीची आणि बिनकातड्याची, कारण मुंडी आणि कातडं आधीच कुणी उचललं होतं. शिंगं असती तर आंधळ्यानेही ओळखलं असतं. पायाला तारेने पत्र्याचे बिल्ले बांधले होते, एकावर 'शे', एकावर 'में'. मांस सुटेपर्यंत शिजवायचं, हाडं वेचायची, धुवायची, वाळवायची, आकडे घालायचे. वास असा, की कपड्यांतून आठवडाभर जायचा नाही. मला तिसरा महिना होता. सरांना सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ते आढेवेढे न घेता म्हणतील, घरी बस, आणि माझ्या जागी दुसरा येईल, याची मला खात्री होती. मी तीनदा भिंतीकडे जाऊन ओकले आणि तीनदा तोंड पुसून परत आले. मधे पिंपांजवळ काय झालं? सर होते का तिथे? हाडं कुणी बाहेर काढली? सुपांत कुणी लावली? मला आकडे घालताना आठवतं, त्या आकड्यांची शाई वाळताना बघितलेली आठवते, शाईचा वास मांसाच्या वासापेक्षा बरा वाटलेला आठवतो. मधलं नाही. खिडकीपाशी उभी राहून मी ते मधलं खूप शोधलं आणि प्रत्येक वेळी तिथे भिंत लागली, ओली, चुन्याची, माझ्या तोंडाजवळ.

दुसऱ्या दिवशी चौदा नंबरची ती नळी रुमालात गुंडाळून मी सरांकडे गेले. सर शहराच्या दुसऱ्या टोकाला मुलीकडे असतात, चौथ्या मजल्यावर. वय शहाऐंशी. डोळ्यांना कडेकडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे समोरच्याशी बोलताना ते त्याच्या खांद्यापलीकडे बघतात. मुलीने दार उघडलं, चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. सर खिडकीजवळ होते.

"ये. पावलांवरून ओळखलं. काय आणलंयस?"

"ओळखा."

ते हसले. हा आमचा जुना खेळ. त्यांनी हात पुढे केला, मी नळी तळहातावर ठेवली. आधी त्यांनी ती नुसती तोलली. मग अंगठा खालच्या सांध्याकडे गेला, दोन उंचवट्यांच्या मधल्या कडेवरून एकदा, मग उलटा एकदा. माझा अंगठा जसा फिरतो अगदी तसा.

"मेंढी," सर म्हणाले. "पूर्ण वाढलेली. मादी असावी. सोपं दिलंस."

ते खूश होते. अंगठा सवयीने वर सरकला, वरच्या टोकाशी एक तिरपी खाच होती तिथे पोचला आणि थांबला.

"खाटकाची सुरी लागलीय इथे." आतून कपांचा आवाज आला. "चौदा नंबर ना हे?"

"हो."

"कधी आणतेस याची वाट बघत होतो मी. मग वाट बघायचंही विसरलो."

म्हणजे माहीत होतं. इतकी वर्षं. मी विचारलं, "कुणाकडून झालं, सर?"

"माझ्याकडून. तू तीनदा भिंतीकडे गेली होतीस. पोटात होतं ना तुझ्या? तुला वाटतं मला कळलं नव्हतं? तारा सुटल्या होत्या, बिल्ले पिंपाच्या तळाशी. मी अंदाजाने लावले. तुझा काही दोष नाही."

"आणि कळलं कधी?"

"सतरा नंबर आला तेव्हा. आख्खी शेळी होती, कवटीसकट, शिंगांसकट. शेजारी ठेवली आणि चूक दिसली. पण तुझा प्रबंध त्याच आठवड्यात टंकलेखकाकडून आला होता. घरात लहान मूल. म्हटलं, पोरीच्या पदवीचं वाटोळं नको. गप्प बसलो. मग गप्प बसण्याची सवय झाली."

चहा आला. मुलगी बसली, हवापाण्याचं बोलली, गेली. सरांनी नळी मांडीवर आडवी धरून ठेवली होती.

"आता काय करणारेस?"

"बघते."

"तीन महिने राहिलेत ना तुझे? जाऊ दे की. ती माणसं मेली, त्यांची जनावरंही मेली. चार हजार वर्षांनी शेळी काय नि मेंढी काय. कुणाचं अडलंय?"

मी त्यांच्या हातातून हाड सोडवून घेतलं. सोडवून घ्यावं लागलं.

बसमध्ये मी रडले, थोडीशी, रुमालात हाड असल्यामुळे पदराने. माझ्यासाठी. माझ्या पदवीसाठी सरांनी हे पाप पोटात घातलं. पाच-सहा थांबे मी त्या विचारात ऊब घेत बसले. सातव्या थांब्याला मनात आलं: सतरा नंबर कुठे आहे? संग्रहात सतरा नंबरचा खण रिकामा आहे. पहिल्यापासून. म्हणजे पहिल्यापासून नसणार. पण मी बघतेय तेव्हापासून. सोळा कुत्रा, अठरा हरीण, आणि मधे एक बोडकी फळी, तिच्यावर आम्ही सूत आणि कात्री ठेवतो. मी कधी विचारलं नव्हतं.

गुरुवारी जुनी नोंदवही काढली. सतरा: शेळी, पूर्ण, कवटीसह. आल्याची तारीख. पुढे सरांच्या अक्षरात, शिकवण्यासाठी बाहेर दिली, आणि दुसरी तारीख, पहिल्यानंतर अकरा दिवसांनी; तेवढे दिवस मी उत्खननावर असणार. कुणाला दिली ते लिहिलेलं नव्हतं. तारखा मला पाठ करायची गरज नाही, माझ्याकडे मुलाचं वय आहे. पदवी मिळाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. समारंभात त्याने भर सभागृहात शू लागली म्हणून ओरडून सांगितलं होतं. सतरा नंबर आला तेव्हा तो सहा वर्षांचा, शाळेत जाणारा. माझा प्रबंध तोवर दोन वर्षं कपाटात धूळ खात होता. त्या आठवड्यात टंकलेखकाकडून आलं असेल ते सरांचं पुस्तक. दोन महिन्यांनी ते बाजारात आलं, मानपत्रं आली, आणि माझ्या प्रतीवर सरांनी लिहून दिलं: जिच्या अंगठ्यावर हे उभं आहे तिला.

आता कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा? पदवीचं खोटं असेल तर तारा सुटल्याचंही खोटं असेल. कदाचित बिल्ले मीच उलटे लावले असतील, ओकून येता येता, आणि सर मला वाचवायला स्वतःवर घेत असतील. कदाचित शहाऐंशी वर्षांच्या डोक्यात प्रबंध आणि पुस्तक खरोखरच एक झालं असेल. कदाचित त्यांनी ते मुद्दाम एक केलं असेल, म्हणजे मी तोंड उघडायला गेले की त्यांच्या उपकारांचाच घास घशात अडकावा. मी प्रत्येक शक्यतेवरून अंगठा फिरवला. सगळ्यांच्या कडा सारख्याच लागत होत्या. आणि मग, नोंदवही पुढ्यात उघडी असताना, मला उमगलं की मी सकाळपासून सरांना तपासते आहे, मुंगीला आठवडाभर तपासलं, आणि चौदा नंबरला एकतीस वर्षांत एकदाही नाही. आकृती जुळत नव्हती तेव्हा मी आकृतीवर संशय घेतला. मुंगीने घोटा आणून दाखवला तेव्हा मुंगीवर घेतला. बोडक्या फळीवर कात्री ठेवत राहिले. मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण न कळण्यासाठी मी किती कष्ट घेतले होते.

शुक्रवारी संचालकांकडे जाऊन अहवाल परत मागितला. त्यांनी तो उघडलाही नव्हता, ड्रॉवरमधून काढून दिला. त्याऐवजी नवा अहवाल सोमवारपर्यंत द्या म्हणाले. त्या अहवालाबरोबर आणखी एक पत्र येईल, मोठं, ते नीट वाचा, असं मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, बाईंना बरं नाही की काय, अशा नजरेने पाहिलं.

पुढचं थोडक्यात सांगते. मुंगी कायम झाली. माझी निवृत्ती ठरल्या तारखेला झाली. मधल्या अडीच महिन्यांत आम्ही नदीकाठच्या वस्तीच्या अकरा पेट्या पुन्हा पाहिल्या, उरलेल्या ती पाहते आहे. मेंढ्यांचे कळप निघताहेत, आणि ती वजनं आता बहुधा मागाची होणार. सरांच्या मुलीचा फोन येतो, मी उचलते. सर बोलत नाहीत. पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारच्या सकाळचं.

शनिवारी सुट्टी असते. मी मुंगीला बोलावून घेतलं होतं. ती आली, पर्स खांद्यावरून न उतरवता उभी राहिली. मी फोडलेलं पाकीट तिच्यासमोर ठेवलं.

"हे मी उघडलं. तुझं होतं."

तिने कागद वाचला. चेहऱ्यावर काही आलं नाही. निकाल तिला आधीच माहीत असणार. खात्रीच झाली एवढं. "मी विचारलं असतं तर तुम्ही परवानगी दिली असती का?"

"नाही."

"म्हणून."

मग मी सगळं सांगितलं. पिंपं, बिल्ले, भिंत, सतरा नंबर, तारखा. तिने मधे एकदाही 'अगं बाई' किंवा 'खरंच?' म्हटलं नाही. सर्वांत शेवटी अहवालाचं सांगितलं, कारण ते सगळ्यांत अवघड होतं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या गुरुवारी जिन्यात तुम्ही माझ्याकडे बघून इतकं गोड हसलात. आणि आता नवीन काय लिहिलंय?"

"तेच तुला दाखवायला बोलावलं."

गोपनीय कागद. दाखवायचा नसतो. तिने खुर्ची ओढली, बसली, पर्स मांडीवर घेतली आणि वाचायला लागली. ती हाड वाचते तसं वाचत होती, आधी एकदा सलग, मग मागून पुढे. मी उभीच होते. पत्रात मी चौदा-पंधराचं सगळं कबूल केलं होतं, प्रबंध आणि पुस्तक दोन्हीत चूक असल्याचं लिहिलं होतं, आणि तिच्याविषयी असं: सहायकाने केलेली तपासणी योग्य होती, तिच्याविरुद्ध यापूर्वी माझ्याकडून नजरचुकीने प्रतिकूल मत नोंदवले गेले.

तिचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"इथे 'नजरचुकीने' लिहिलंय."

"हो."

"नजरचूक नव्हती ती, बाई."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती दोनदा घरघरली आणि बंद पडली. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.

मी खुर्ची घेतली, तिच्या शेजारी. पेन उघडलं. तो शब्द एका रेघेने खोडला, खालचं वाचता येईल असा, आणि वरती लिहिलं: आकसाने. दुसऱ्या वेळी वाचला तेव्हाही तो बरोबर होता.

तिने कागद आपल्याकडे ओढला, पाहिला, पुन्हा माझ्याकडे सरकवला.

"खोडलेल्या जागी सही करा," मुंगी म्हणाली. "पूर्ण नाव."